पुंगळीची मशागत

गोळी झाडल्यावर मागे उरतं ते पितळ. गोळी पुढे निघून जाते, दारू जळून संपते, ती पेटवणारी टोपी फुटून निकामी होते. पुंगळी तेवढी शाबूत राहते, आणि रायफलच्या काडतुसातला सगळ्यांत महाग भाग बहुधा तीच असते. म्हणून अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड अशा देशांत, जिथे कायदा आड येत नाही, तिथले नेमबाज रेंजवर वाकून वाकून आपापल्या पुंगळ्या वेचतात, घरी नेतात आणि त्यांत नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी भरतात. याला ते रीलोडिंग म्हणतात. भरण्याआधी पुंगळीची जी मशागत चालते ती मात्र बघण्यासारखी असते. धुणं, घासणं, डायमधून, म्हणजे पोलादी साच्यातून, दाबून काढणं, तोंड कापून सगळ्या एका लांबीच्या करणं, कडा आतून-बाहेरून मोडणं, टोपीचं घर खरवडणं, मानेची जाडी तासून एकसारखी करणं, मान तापवणं आणि शेवटी एकेक पुंगळी तोलून वजनवार डब्यांत लावणं. सुट्टीचे दिवस यातच जातात. या मेहनतीतली किती नेमात उतरते आणि किती नुसती मनाच्या समाधानासाठी असते, यावर त्यांच्यात कायमचा वाद आहे.

आमच्या घाटकोपरात हा वाद कोणी घालणार नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याच्या व्याख्येतच काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनवण्याची यंत्रं धरलेली आहेत, आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. गॅलरीत स्टूल टाकून पुंगळ्या भरत बसायची सोय इथे नाही, आणि एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या आमच्या इमारतींत ती नसलेलीच बरी. तरी हा विषय मला परका वाटत नाही. एक तर पुंगळ्यांचं पितळ आपल्याकडे जिथे घडतं ती ठिकाणं आमच्या मध्य रेल्वेच्याच वाटेवर आहेत: अंबरनाथ, खडकी, भुसावळजवळचं वरणगाव. आणि दुसरं म्हणजे, पुंगळीच्या मशागतीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट जगाला शिकावी लागली ती हिंदुस्थानच्या पावसाळ्यामुळे.

ब्रिटिश अमदानीत पावसाळा लागला की लष्कराच्या हालचाली थंडावत. काडतुसं कोरड्या दिवसांची वाट बघत साठवून ठेवली जात, आणि ती साठवायची जागा पुष्कळदा घोड्यांचे तबेले असे. पाऊस सरल्यावर पेट्या उघडल्या की काही पुंगळ्यांच्या मानेला चिरा गेलेल्या दिसत. पुंगळ्या कोणी आपटलेल्या नव्हत्या, झाडलेल्या तर नव्हत्याच. पितळ फारसं गंजलेलंही दिसत नसे. नवीकोरी काडतुसं पेटीत पडल्या पडल्या फुटलेली. चिरा बरोबर तिथे, जिथे पितळ आवळून गोळीभोवती घट्ट बसवलेलं असतं. पावसाळ्याशी नातं उघड दिसत होतं, म्हणून या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव पडलं आणि कारण कळायच्या आधी बरीच वर्षं नावावरच भागवलं गेलं.

कारण नीट उलगडलं ते १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी पितळाच्या या चिरांवर निबंध प्रसिद्ध केला. गुन्हेगार तीन होते आणि तिघे एकत्र आल्याशिवाय गुन्हा घडत नव्हता. पहिला, तबेल्यातला अमोनिया. घोड्यांच्या मुताचा तो नाकाला झोंबणारा वास म्हणजे अमोनियाच. तो तांब्याशी संयोग पावून विरघळणारं संयुग तयार करतो. दुसरा, हवेतला ओलावा, ज्याच्यावाचून ही रासायनिक क्रिया पुढे सरकत नाही. आणि तिसरा, खरा सूत्रधार, पितळाच्या आत कोंडलेला ताण. पितळ थंड असताना ओढून, दाबून, आवळून त्याला आकार दिला की धातूचा काही भाग ताणलेला आणि काही दाबलेला राहतो. बाहेरून वस्तू शांत दिसते, आत मात्र कायमची रस्सीखेच चालू असते. अमोनिया धातूच्या कणांमधल्या सीमारेषांवर हल्ला करतो आणि आतला ताण तिथली फट उघडत नेतो.

उपायही कारणातूनच निघाला. घडवून झालेली पुंगळी साधारण अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत मंद तापवली की आतला ताण निघून जातो, पण धातूचा कडकपणा बराचसा टिकतो. पुंगळी दिसायला होती तशीच राहते. मापात फरक नाही, वजनात नाही, चकाकीत नाही. आणि तरी एक पुंगळी पावसाळा काढते, दुसरी काढत नाही.

माझ्या मते या सगळ्या वादाची किल्ली इथे आहे. पितळाची जी तयारी खरोखर फरक पाडते ती बहुतेक डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती चकाकी, आणि हौशी माणूस सगळ्यांत जास्त वेळ तिच्यावरच घालवतो.

हे पटण्यासाठी पुंगळीला काय काय सोसावं लागतं ते एकदा बघायला हवं. पुंगळी हा दारूचा नुसता डबा नाही. ती बंदुकीचाच एक भाग आहे, फक्त प्रत्येक वेळी बदलला जाणारा. चाप ओढल्यावर टोपी पेटते, दारू पेटते, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आत प्रचंड दाब तयार होतो. .३०८ विंचेस्टर या जगभर चालणाऱ्या रायफल-काडतुसात या दाबाची वरची मर्यादा चौरस इंचाला ६२,००० पौंड आहे, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या चार हजार पटींहून जास्त. त्या क्षणी पुंगळीची मान आणि भिंत फुगून, काडतूस ज्यात बसतं त्या पोलादी चेंबरला गच्च चिकटली पाहिजे, नाहीतर तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येईल. दाब उतरताच तीच भिंत किंचित आकसून सुटली पाहिजे, नाहीतर पुंगळी चेंबरमध्ये अडकून बसेल. तळाने मात्र अजिबात फुगता कामा नये, कारण टोपीचं घर तिथे असतं आणि मागून पोलादाचा आधार सगळीकडे सारखा नसतो.

थोडक्यात, एकाच पितळाच्या नळकांड्याची मान मऊ, भिंत मध्यम आणि तळ कडक हवा. ही उतरंड कारखान्यात बांधली जाते. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं हे पितळ असतं. थंड असताना खोल ओढलं तरी फाटत नाही, म्हणून हे प्रमाण. पत्र्यातून चकत्या कापतात, चकतीची वाटी करतात, वाटी ओढून ओढून नळी करतात. प्रत्येक ओढकामाने पितळ कडक होत जातं आणि आणखी ओढलं तर चिरेल अशी वेळ येते, म्हणून मध्ये मध्ये भट्टीत तापवून मऊ करायचं, आम्लात धुवायचं, परत ओढायचं. तळ ठोकून कडक करतात, खांदा आणि मान दाबून निमुळती करतात, आणि सगळ्यात शेवटी फक्त मानेला ताव देतात. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते ती या शेवटच्या तावाची. बाजारी काडतुसांवर ती बहुधा पॉलिश करून घालवलेली असते, कारण गिऱ्हाइकाला ती डाग वाटते.

दारूगोळ्याचं काम महाराष्ट्रात दीडशे वर्षांहून जुनं आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. म्हणजे तो उभा राहिला तेव्हा पितळी पुंगळी जगातही नवीच होती. ब्रिटिश कर्नल एडवर्ड बॉक्सरचं पितळी काडतूस १८६६चं. त्याच सुमारास अमेरिकेत हायरम बर्डनने टोपीची आपली वेगळी रचना काढली. बॉक्सरच्या पद्धतीत ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीच्या तळाला मधोमध एक भोक असतं. बर्डनच्या पद्धतीत ऐरण पुंगळीच्या तळातच घडवलेली आणि भोकं बाजूला. पुढे गंमत अशी झाली की इंग्रजाची बॉक्सर टोपी अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची बर्डन टोपी युरोपातल्या फौजांनी. अमेरिकेत घरोघरी रीलोडिंग फोफावलं त्यामागे ही अदलाबदलही आहे. बॉक्सर पुंगळीतली जुनी टोपी मधल्या भोकातून एका काडीने ढकलली की पडते. बर्डनमधून ती काढणं म्हणजे कटकट.

अंबरनाथचा आयुध निर्माणी कारखाना १९५३चा आणि त्याचं काम अलोह धातूंचं, म्हणजे पितळ वगैरेंचं. वरणगावचा १९६४चा, लहान शस्त्रांच्या काडतुसांचा. २०२१च्या ऑक्टोबरात जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय पुण्याला आहे आणि खडकी, वरणगाव तिच्याकडे गेले. घाटकोपरहून अंबरनाथ लोकलने तासाभराच्या आतबाहेर. डब्यात बसलेल्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे, की कल्याणच्या पुढे उतरणाऱ्या माणसांपैकी काहींचा आयुष्यभराचा धंदा पितळाला ताव देणं हाच होता.

खडकीपासून नदीपलीकडे, पुण्याच्या कसब्यात तांबट आळी आहे. तिथल्या तांबटाला हे शास्त्र शिकवायची गरज कधीच नव्हती. तांब्या-पितळेचं भांडं ठोकत गेलं की ते ताठर होतं, घणाखाली आवाज बदलतो, आणखी ठोकलं तर तडकेल हे हाताला कळतं. मग ते भट्टीत लाल करायचं, गार करायचं, आणि परत ठोकायला घ्यायचं. भांडं पुरं झाल्यावर त्यावर छोट्या हातोडीने जे एकसारखे ठोके देतात, त्या मठारकामाला आपण नक्षी समजतो. नक्षी ती आहेच, पण ठोक्यांनी पत्रा कडकही होतो. मऊ कुठे ठेवायचं आणि कडक कुठे, हा तांबटाचा आणि काडतूस-कारखान्याचा प्रश्न एकच.

आता रीलोडिंगवाल्याकडे वळू. त्याच्या हाती पुंगळी येते तेव्हा कारखान्याने बांधलेली ती उतरंड बिघडायला लागलेली असते. झाडताना मान फुगते, डायमध्ये ती परत आवळली जाते, डायमधलाच गोळा ती आतून पुन्हा जराशी फुगवतो, नंतर गोळी बसवताना आणखी एकदा. म्हणजे मानेचं मठारकाम सुरूच. चार-पाच फेऱ्यांत मान कडक होते आणि तिची ‘उसळी’ वाढते: दाबलं तरी पूर्ण दबत नाही, थोडी परत येते. शिवाय सगळ्या पुंगळ्या सारख्याच प्रमाणात कडक होत नाहीत. मग एका काडतुसात गोळी घट्ट धरलेली, दुसऱ्यात सैल. घट्ट धरलेली गोळी सुटायला जरा उशीर, तोवर दाब जरा जास्त, वेग वेगळा. आणखी काही फेऱ्या झाल्या की मानेला उभ्या चिरा जायला लागतात, तबेल्यातल्या पुंगळ्यांसारख्याच, फक्त इथे अमोनियाची वाट न बघता.

याला उपाय तोच, मानेला ताव. ज्योतीपुढे फिरवून किंवा विजेच्या वेटोळ्यात धरून मान आणि खांदा काही सेकंद तापवायचा. जुने लोक पुंगळ्या परातीत पाणी घालून त्यात उभ्या करत, तळ पाण्यात बुडालेला, मान वर, ज्योत फिरवली की पुंगळी पाण्यात आडवी करायची. त्या पाण्याचं काम मान विझवणं हे नव्हतं. पितळ पाण्यात विझवल्याने पोलादासारखं कडक होत नाही. पाणी तळाला गार ठेवण्यासाठी. कारण तळ एकदा मऊ झाला की चार हजार वातावरणांचा दाब तो पेलणार नाही, आणि त्याची किंमत नेमात नाही, डोळ्यांत मोजावी लागते. पुंगळीच्या मशागतीत चूक झाली तर माणूस जायबंदी करणारी जी दोन-तीन कामं आहेत, त्यांत हे पहिलं.

दुसरं काम तोंड कापण्याचं. प्रत्येक बाराला पितळ थोडं पुढे वाहतं आणि पुंगळी लांब होते. प्रमाणाबाहेर लांब झाली की तिचं तोंड चेंबरच्या टोकाला टेकून गोळीभोवती चिमटा बसतो, गोळी सुटत नाही आणि दाब भलताच चढतो. तिसरं, तळाच्या वरचा पट्टा तपासणं. पुंगळी लांबते ते पितळ येतं कुठून? तळालगतच्या भिंतीतून. तिथली भिंत आतून पातळ होत जाते, बाहेर एक उजळ कडं दिसायला लागतं, आणि एखाद्या बाराला पुंगळीचे दोन तुकडे होतात. वाकवलेली तार आत घालून भिंतीवरून फिरवली तर खाच लागते. एवढीशी तपासणी, पण ती चुकवून बाकीचं पॉलिशकाम करणाऱ्यांना मी शहाणं म्हणणार नाही.

.३०३ ली-एनफिल्ड ही रायफल या बाबतीत बदनाम आहे. आपल्या पोलिसांच्या खांद्यावर ती अनेक दशकं होती, २००८च्या नोव्हेंबरातल्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी मुंबईच्या सीएसटी स्थानकावरही तीच होती. तिची चेंबरं मुद्दाम ऐसपैस कापलेली असत, चिखल-धूळ लागलेलं काडतूसही आत जावं म्हणून. त्यात तिचा बोल्ट पुढून नव्हे, मागून अडकतो, त्यामुळे बाराच्या क्षणी सगळं किंचित ताणलं जातं. पुंगळी एका बारात एवढी लांबते की परत भरली तर फार फेऱ्या टिकत नाही. यात रायफलचा दोष काढण्यात अर्थ नाही. लष्कराला पुंगळी परत भरायचीच नव्हती. त्यांना ती पेटीत वर्षानुवर्षं न चिरता राहायला हवी होती आणि एकदा, पण दर खेपेला, बिनचूक बाहेर पडायला हवी होती. त्या कामासाठी मशागत वेगळी.

हौशी नेमबाजाच्या यादीतली बाकीची कामं मात्र मी बरीच खालच्या पायरीवर ठेवतो. साफसफाई हवी, पण ती वाळूचा कण डायवर किंवा चेंबरवर ओरखडा काढू नये एवढ्यापुरती. पुंगळीत तोंड दिसलं म्हणून गोळी सरळ जात नाही. उलट मान आतून फार लख्ख केली तर धातूवर धातू घासतो आणि गोळी बसवताना कधी घट्ट, कधी सैल लागते, म्हणून अनेक जाणते मानेतली काजळीची पातळ पूड तशीच ठेवतात. पितळेची भांडी घासणाऱ्या आपल्या आज्या-मावश्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असते: चिंच लावून फार वेळ ठेवलं तर पितळ गुलाबीसर पडतं. पुंगळ्या धुणारे सायट्रिक आम्ल वापरतात, त्यांच्याही तेच अनुभवाला येतं. पृष्ठभागावरचं जस्त निघून तांबं उरतं. पाच-दहा मिनिटं पुरतात. आणि अमोनिया असलेलं धातूचं पॉलिश पुंगळीला लावू नये हे वेगळं सांगायला नको. तबेला बाटलीत भरून घरी आणण्यातला तो प्रकार.

वजनवार लावणं हा आणखी एक आवडता उद्योग. त्यामागचा विचार असा की जड पुंगळीची भिंत जाड, म्हणून आतली जागा कमी, म्हणून दाब जास्त. विचार चुकीचा नाही, पण आकडा बघा. .३०८ची पुंगळी ११-१२ ग्रॅमची, आत पाणी मावतं साडेतीन ग्रॅमच्या जरा वर. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड. दोन पुंगळ्यांत दशांश एक ग्रॅमचा फरक असला आणि तो सगळाच्या सगळा आतल्या भिंतीत असला, तरी आतली जागा तीनशे भागांत एका भागाने कमी-जास्त होणार. आणि तो सगळा आत असतोच असं नाही, पुष्कळदा बाहेरच्या काठाच्या खाचेत असतो. मात्र वेगवेगळ्या कारखान्यांच्या पुंगळ्या एकत्र करू नयेत हे खरं. लष्करी पुंगळ्या सहसा जाड असतात, आणि बाजारी पुंगळीसाठी ठरवलेली दारू त्यांत तशीच भरली तर दाब चढतो. तेव्हा तोलण्याआधी तळावरचा शिक्का वाचणं महत्त्वाचं.

मग उरलं काय? मान किती घट्ट धरते त्यातला सारखेपणा. तो नेमात उतरतो, पण कुठे उतरतो हे अंतरावर ठरतं, आणि इथे साध्या हिशेबाने बरेच वाद मिटतात. गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास निघाली असं धरू. १०० मीटरवर पोहोचेपर्यंत ती नळीच्या रेषेखाली सुमारे आठ सेंटिमीटर पडलेली असते. वेगात एका टक्क्याचा फरक पडला तर पडण्यात साधारण दोन टक्क्यांचा पडेल, म्हणजे दीडेक मिलिमीटर. बऱ्या हाताच्या नेमबाजाला तो कळणारही नाही. आता तीच गोळी १,००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरवर पाठवा. तिथे ती एकूण दहा-अकरा मीटर पडते, आणि त्याच एका टक्क्याचा फरक वीस सेंटिमीटरच्या आसपास जातो. या अंतरावरच्या एफ-क्लास स्पर्धेत दहा गुणांचं वर्तुळ दहा इंचांचं, म्हणजे जेमतेम पंचवीस सेंटिमीटर व्यासाचं असतं. एका टक्क्याचा, म्हणजे सेकंदाला आठ मीटरचा फरक काळजीने भरलेल्या काडतुसांतही सहज सापडतो. म्हणून लांब पल्ल्याचे लोक मानेला ताव देतात, मानेची जाडी तासतात, आणि ते वेडे नाहीत. शंभर-दोनशे मीटरवर खेळणारा तेच सगळं करत असेल तर त्याला करू द्यावं, पण निकाल त्यामुळे लागला असं त्याने म्हणू नये.

लांब पल्ल्यावरही वाऱ्यापुढे पितळ फिकं पडतं. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा या गोळीला १,००० यार्डांवर दोन मीटरहून अधिक बाजूला नेतो. वाऱ्याचा अंदाज ताशी दोन किलोमीटरने चुकला की गोळी दहाच्या वर्तुळाबाहेर. चांगली नळी आणि चांगली गोळी नसेल तर यादीतलं पुढचं काही वाचायचीही गरज नाही.

टेक्सासात स्थायिक झालेला माझा एक घाटकोपरकर मित्र हा हिशेब मान्य करतो आणि तरी पुंगळ्या तोलतो. त्याचा पुरावा म्हणजे कागदावरची तीन भोकं, एकमेकांना चिकटलेली. अडचण अशी, की तीन गोळ्यांनी काहीच सिद्ध होत नाही. एकाच रायफलने, एकाच डब्यातल्या काडतुसांनी पाच-पाच गोळ्यांचे गट झाडले, काहीच बदललं नाही, तरी एक गट दुसऱ्याच्या दीडपट-दुप्पट निघणं ही रोजची गोष्ट आहे. आज नवी तयारी केली आणि गट लहान आला, तर तयारीला श्रेय. उद्या मोठा आला, तर वाऱ्याला दोष. खरी तुलना करायची तर तयारी केलेल्या आणि न केलेल्या पुंगळ्या मिसळून, कोणती कुठली ते झाडताना न कळता, दोन्हींच्या वीस-तीस गोळ्या झाडायला हव्यात. त्यात दारू जाते, पैसा जातो, नळी झिजते. तोलकाटा स्वस्त पडतो.

रिकामी पुंगळी आपल्याकडे वेगळ्याच कारणाने जपली जाते. पोलिसांच्या सरावात झाडलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या मोजून परत जमा कराव्या लागतात. गुन्ह्याच्या जागी सापडलेली पुंगळी कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते आणि तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या तळावरचे ठसे वाचले जातात: फायरिंग पिनचा खड्डा, बोल्टच्या तोंडावरचे बारीक चरे, पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचा ओरखडा. पोलादापेक्षा पितळ मऊ, म्हणून दाबाच्या त्या क्षणी बंदुकीची खूण त्यावर उमटते. रीलोडिंगवाला याच गुणावर जगतो. झाडलेली पुंगळी त्याच्या चेंबरच्या मापाची झालेली असते, आणि शहाणा माणूस तिला डायमध्ये पूर्ण मूळ मापावर न नेता, आत सहज जाईल एवढीच, केसाइतकी आवळतो. भिंत कमी ताणली जाते, पुंगळी जास्त फेऱ्या टिकते. तोलणं, घासणं, खरवडणं या सगळ्यांपेक्षा डायची ही एक मांडणी अधिक कामाची आहे, आणि तिला फार वेळही लागत नाही.

महाराष्ट्राने रायफलमध्ये जे नाव कमावलं आहे त्यात मात्र या मशागतीचा काही संबंध नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने, मध्य रेल्वेत नोकरी करणाऱ्या मुलाने, १ ऑगस्ट २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्य आणलं, ४५१.४ गुणांनी. या दोन्ही प्रकारांत चालतं ते .२२चं रिमफायर काडतूस. त्याला वेगळी टोपीच नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या दुमडलेल्या काठात भरलेला असतो, आणि पिन त्या काठावरच आपटते. काठ चेपला, मसाला जळाला की पुंगळीचं काम संपलं. तिला परत भरता येत नाही, आणि झाडण्याआधीही नेमबाजाला तिच्यात हात घालता येत नाही. ५० मीटरवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, गोळीच ५.६ मिलिमीटरची, आणि पितळ, मसाला, दारू सगळं कारखान्यावर सोडलेलं.

अशा वेळी अव्वल नेमबाज एकच गोष्ट करू शकतो: निवड. एकाच कंपनीची, एकाच नावाची, एकाच किमतीची काडतुसं वेगवेगळ्या लॉटमध्ये थोडी वेगळी वागतात, आणि एखादा लॉट एखाद्याच नळीला मानवतो. म्हणून मोठ्या कंपन्यांच्या चाचणी-रेंजवर नेमबाज आपली रायफल घेऊन जातात, नळी शिकंज्यात आवळतात, म्हणजे माणसाचा हात मध्ये येत नाही, आणि लॉटमागून लॉट झाडून बघतात. जो सगळ्यांत दाट गट देईल त्याच आकड्याचे खोके एकदम विकत घ्यायचे आणि मोठ्या स्पर्धांसाठी राखून ठेवायचे. सरावाला दुसरी. राखीव खोके संपत आले की रायफल परत त्याच शिकंज्यात, कारण पुढचा लॉट त्याच यंत्रावर बनला असला तरी याच नळीशी जुळेल याची हमी कंपनीही देत नाही.